पूर बघायला गेले, नायमेखनला

नेदरलँड्समध्ये राहायला आल्यापासून नायमेखन बघायचं राहून गेलं होतं. सकाळी टेकडीवरचं जुनं शहर पाहिलं, छानच आहे. पण माझं सगळं लक्ष खाली होतं. जानेवारी महिना, आणि वाल नदी पात्राबाहेर पडलेली.

पलीकडच्या काठाला, लेंटच्या बाजूला एक पायपूल आहे. नदी चढली की पुलाकडे जाणारी वाट पाण्यात जाते, मग काँक्रीटच्या ठोकळ्यांवर पाय देत पुढं जायचं. तिसऱ्या ठोकळ्यावर मी थबकले. भोवती गढूळ पाणी, वाहून आलेल्या काटक्या आणि ओल्या गाळाचा तो वास. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. ते उतरल्यावर आमच्या कपाटांना महिनाभर हाच वास येत होता. मागून एक बाई लेकराला घेऊन येत होती, ते पाणी बघून खिदळत होतं. मला मात्र रडू फुटलं.

१९९५ च्या पुरात इथं नेदरलँड्समधल्या नद्यांकाठची अडीच लाख माणसं हलवावी लागली. त्यानंतर नुसते बांध उंच करत न बसता लेंटचा बांध ३५० मीटर मागं नेला आणि मधल्या मोकळ्या जागेत नदीला दुसरा प्रवाह खोदून दिला. २०१६ पर्यंत काम झालं. मोठ्या पुरात पाणी आता ३५ सेंटिमीटर कमी चढतं. त्यासाठी पन्नासेक घरं मात्र गेली.

बाकावर बसलेल्या एका आजोबांनी पाण्याकडं बोट केलं, "तिथं आमचं स्वयंपाकघर होतं." राग येत नाही का, मी विचारलं. "येतो की, अजून येतो," म्हणाले, आणि थर्मासमधली कॉफी माझ्यापुढं धरली. इथली माणसं अनोळखी माणसाला जवळ करत नाहीत असं मी सगळ्यांना सांगत आले होते. आता नाही सांगणार.

आमच्याकडं सांगलीत ओत, म्हणजे पाणी वाहून नेणारे नैसर्गिक नाले, बुजवले, पूररेषेच्या आत प्लॉट पाडले. आमचं घरही तसल्याच भरावावर उभं आहे. घेताना कुणी सांगितलं नाही, आणि स्वस्त मिळतंय म्हणून आम्हीही विचारलं नाही. हे मी आजवर कुठं लिहिलं नव्हतं.

पुलावरूनच आईला व्हिडिओ कॉल लावला, पाणी दाखवलं. ती एकदम उठूनच उभी राहिली.

"अगं, सामान माळ्यावर टाकलंस का?"