सर्व्हिसिंगनंतर ट्रक चालू होईना? आधी सेल्फ ऐका

उसाचा हंगाम तोंडावर आला की निपाणी-संकेश्वरपासून खानापूरपर्यंत ट्रकांची सर्व्हिसिंग उरकायची घाई असते. ऑइल बदललं, डिझेल फिल्टर बदलले, आणि स्वतःच्या चाकांवर गॅरेजात आलेली गाडी आता चालू होईना. लगेच पंप उतरवू नका. जिथे पाना लागला, तिथेच आधी बघा.

सेल्फ गप्प असेल किंवा नुसता टक्-टक् करत असेल, तर बॅटरीचे टर्मिनल, दोन बॅटऱ्या जोडणारी केबल आणि चासीला जोडलेली अर्थिंगची वायर तपासा. सेल्फ मारल्यावर एखादं टर्मिनल गरम लागलं, तर तिथेच कनेक्शन ढिलं किंवा गंजलेलं आहे.

सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही? मग सायलेन्सरकडे बघा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, जळत नाही. बहुधा सेल्फच मंद फिरतोय. धूर अजिबात नसेल तर डिझेल पोचतच नाही. जुन्या गाडीत स्टॉपची (इंजिन बंद करायची) केबल ओढलेलीच राहिली आहे का आणि टाकीचा कॉक उघडा आहे का, ते बघा. हसू नका, हे होतं. ते ठीक असेल, तर बहुधा गाडीने एअर घेतली, म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरली.

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) एक-दोन वळसे ढिला करून हँड प्रायमर, म्हणजे डिझेल पुढे ढकलायचा हातपंप, मारत राहा. फेस संपून अखंड डिझेल आलं की प्रायमर चालू असतानाच स्क्रू आवळा. मग पंपावरचा स्क्रू तसाच. तरीही पकडत नसेल तर नोझल पाइपांचे नट अर्धा वळसा सैल करून सेल्फ मारा. डिझेल उडालं की आवळा. एका वेळी १५ सेकंदांहून जास्त नको, मधे दोन मिनिटं थांबा.

बीएस-६ गाडीत, आणि कुठल्याही कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल), हे नट सोडायचेच नाहीत. तिथला दाब हजार बारच्या पुढे जातो, डिझेलची धार कातडीत घुसते. फक्त प्रायमर मारा. फिल्टरात डिझेल ओतून बसवायची सवयही इथे महागात पडते. न गाळलेला कचरा थेट इंजेक्टरपर्यंत जातो.

एअर काढली तरी परत येते, ही खरी डोकेदुखी. टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) या ओढीच्या बाजूला गळती असली तर बाहेर डिझेल टपकेलच असं नाही, कारण तिथे हवा आत ओढली जाते. जुनी रबर रिंग फिल्टरच्या डोक्याला चिकटून राहिली आणि त्यावर नवी बसली, हे नेहमीचं. बँजो बोल्टला (डिझेल पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) दोन्ही बाजूंनी तांब्याची नवी वायसर हवी. जुनी दबलेली पुन्हा बसत नाही. पारदर्शक नळीचा तुकडा मधे जोडला की बुडबुडे दिसतात. फीड पंपाची नळी थेट डिझेलच्या कॅनमध्ये सोडून गाडी नीट चालली, तर दोष टाकीकडच्या पाइपात.

चालू झाल्यावर पाच-दहा मिनिटं चालवून बंद करा आणि रात्रभर उभी ठेवा. सकाळी लांब सेल्फ मारावा लागला, तर चोर्ला घाटातून न्यायचा माल भरू नका. वायसर पुन्हा तपासा.