बेंद्रे म्हणजे मी येईन

गुरुवार, रात्र. राजारामपुरी

आज स्पॅनिशच्या भविष्यकाळातली अनियमित क्रियापदं घेऊन बसले होते. मेस्सीच्या मुलाखती सबटायटलशिवाय कळाव्यात म्हणून ही भाषा धरली. अर्ध्या कोल्हापूरला अर्जेंटिनाचं वेड, उरलेल्याला ब्राझीलचं. आमचं घर पहिल्या अर्ध्यातलं.

नियमित क्रियापदांचं काम सरळ आहे. मूळ रूप आहे तसं ठेवायचं आणि पुढं ए, आस, आ, एमोस, एइस, आन लावायचं. आब्लार म्हणजे बोलणं, आब्लारे म्हणजे मी बोलेन. त्यातला 'एइस' स्पेनमधला, अर्जेंटिनात तो लागतच नाही.

आणि अनियमित क्रियापदांतही या प्रत्ययांना कुठंच धक्का लागत नाही! बदलतो तो फक्त आधीचा भाग. पोदेर (शकणं), साबेर (माहीत असणं) यांच्यातला शेवटचा स्वर गळतो: पोद्रे, साब्रे. तेनेर (जवळ असणं), पोनेर (ठेवणं), सालिर (बाहेर पडणं), बेनिर (येणं) यांच्यात स्वर गेला की न किंवा ल थेट र ला भिडतो आणि मध्ये द येतो. मी 'तेनरे, तेनरे' असं भरभर म्हणून पाहिलं. न साठी वर टेकलेली जीभ र कडे जाताना सुटते, तिथंच द ऐकू येतो. तेंद्रे, पोंद्रे, साल्द्रे, बेंद्रे. बेंद्रे आडनावाची माणसं आपल्याकडं आहेतच, त्यामुळं 'मी येईन' आता जन्मात विसरणार नाही. देसिर (सांगणं) चं दिरे आणि आसेर (करणं) चं आरे मात्र सरळ पाठच करायचं.

हे प्रत्यय मुळात आबेर (असणं, सहाय्यक म्हणून येणारं) या क्रियापदाची रूपं आहेत. जुन्या स्पॅनिशमध्ये ती सुटी असायची, मध्ये सर्वनामही बसायचं. पुढं बोलता बोलता चिकटली. आपण नाही का 'काय करायलायस?' विचारत? 'करायला' आणि 'आहेस' कधी एक झाले, कुणी बघितलंय? रोज तोंडात असलेली रूपंच अशी झिजतात. म्हणून या यादीत असणं, येणं, करणं, सांगणं असली रोजची क्रियापदं भरलेली दिसतात. मला तर ती आता नियमितांपेक्षा जास्त आवडायला लागलीत.

केरेर (हवं असणं) वर मात्र बराच वेळ गेला. 'केरिआ' म्हणजे हवं होतं, 'केर्रिआ' म्हणजे हवं असेल, आवडेल. फरक फक्त र किती थरथरवायचा एवढाच. हॉलमध्ये येरझाऱ्या घालत म्हणत राहिले.

दादा पुण्याहून निघालेला, फोन लागत नव्हता. आई सारखी विचारत होती, "कुठं असंल गं आता?" मी म्हटलं, "किणी टोलनाक्यापर्यंत आला असेल." बोलले आणि वहीकडं वळले. स्पॅनिशमध्येही अंदाज करायला भविष्यकाळच वापरतात. दोंदे एस्तारा, कुठं असेल? आब्रा येगादो, पोहोचला असेल. हा 'आब्रा' त्याच अनियमित यादीतला, आबेरचा. पुस्तकात या वापराला शेवटी दोन ओळी दिल्यात. माझ्या मते मराठी माणसाला धडा इथूनच सुरू करून द्यावा, कारण हे आपल्याला आधीच येतं.

उद्या संकेतार्थ. त्यालाही हीच रूपं चालतात, तेंद्रेचं तेंद्रिआ, पोद्रेचं पोद्रिआ. नवीन पाठांतर काही नाही, फक्त सराव करायचा.