महालक्ष्मी एक्स्प्रेस, महालक्ष्मी रेसकोर्स आणि स्लॅश

परदेशातले मोठे रॉक बँड कोल्हापुरात येत नाहीत, आणि त्यांनी का यावं असंही कुणी विचारत नाही. पण नकाशा बघितला तर आमचं गाव तसं मोक्याच्या जागी आहे. पुणे-बेंगळुरू हायवे आमच्या दारावरून जातो. वरच्या अंगाला सव्वादोनशे किलोमीटरवर पुणं आणि तिथून पुढं मुंबई. खाली बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग करत सहाशे किलोमीटरवर बेंगळुरू. गिटार घेऊन भारतात येणारे बहुतेक सगळे यापैकी कुठल्या तरी गावात उतरतात. म्हणजे बँड कुठलाही असो, आमचं गणित एकच: रात्री जेवून निघायचं आणि सकाळी तोंड धुवायला पोचायचं. ठाण्याचे मित्र दोन तास ट्रॅफिकमध्ये अडकून मैदानावर वैतागून येतात. मी रात्रभर झोपून ताजातवाना येतो.

घरच्यांना हा नाद कधी कळला नाही. "यूट्यूबवर फुकट दिसतंय की सगळं," हे आईचं ठरलेलं वाक्य. वडिलांची तक्रार जास्त गंभीर होती. ते देवल क्लबातल्या मैफलींना नेमानं जाणारे. "त्या आरडाओरड्यात सूर कुठाय?" असं ते विचारायचे. एकदा मी त्यांना व्हॉयेजर यानांची गोष्ट सांगितली. १९७७ साली नासानं दोन यानं सोडली आणि दोन्हींवर पृथ्वीवरचं संगीत भरलेली सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी ठेवली. तिच्यात केसरबाई केरकरांची भैरवी आहे, 'जात कहां हो'. केसरबाई जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या आणि खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी कोल्हापुरात होते, म्हणजे आमच्या दृष्टीनं हा घरचाच मामला. त्याच तबकडीवर चक बेरीचं 'जॉनी बी. गुड'ही आहे. रॉक अँड रोल आणि जयपूर घराणं एकाच यानातून सूर्यमालेच्या बाहेर निघालंय, असं मी मोठ्या ऐटीत सांगितलं. वडील थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे केसरबाईंना तिथंसुद्धा हा त्रास हायच."

मोठ्या आवाजाचं कौतुक मात्र कोल्हापूरच्या माणसाला कुणी सांगू नये. विसर्जनाच्या मिरवणुकीत पापाची तिकटी ते महाद्वार रोड एवढ्या पट्ट्यात डॉल्बीसमोर जो उभा राहिलाय, त्याला छातीत धडधडणारा बास नवा नाही. दुकानांची शटरं थरथरतात आणि शेजारचा कानात ओरडला तरी ऐकू येत नाही. रॉक कॉन्सर्ट म्हणजे हेच, फक्त इंग्रजीत, अशी माझी कॉलेजातली समजूत होती.

ती मोडली १ फेब्रुवारी २००८ रोजी, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर. आयर्न मेडनच्या जागतिक दौऱ्याचा तो पहिलाच कार्यक्रम. बँडचं सगळं बिऱ्हाड एका बोइंग ७५७ मधून फिरत होतं आणि ते विमान चालवायला गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः. कॉलेजच्या कट्ट्यावर यावर कुणी विश्वास ठेवेना. स्टेजवर इजिप्तचा देखावा होता, त्यांच्या १९८४ च्या अल्बमच्या धर्तीवर. आम्ही दुपारीच जाऊन पुढच्या लोखंडी कठड्याला धरलं. 'फिअर ऑफ द डार्क' सुरू झाल्यावर शब्द यायच्या आधीच मैदान गिटारची धून गायला लागलं. शब्द नसलेली, नुसती ओ ओ करत गायची धून, आणि ती सगळ्यांना पाठ! कठड्याचे वळ माझ्या बरगड्यांवर आठवडाभर होते.

पण पुढं उभं राहिलं की गाणं डोक्यावरून जातं, आणि हे अगदी शब्दशः. मुख्य स्पीकर स्टेजच्या दोन्ही बाजूंना उंच टांगलेले असतात आणि त्यांचा नेम पाठीमागच्या गर्दीवर असतो. कठड्यापाशी ड्रमचा थेट दणका येतो, जवळच्या गिटारचा अँप ऐकू येतो, आणि गायकाचा आवाज कुठून तरी पुसट पुसट. तिथं बँड बघायला मिळतो. ऐकायचा असेल तर जागा दुसरी आहे.

मेटॅलिकाचं प्रकरण दिवाळीत आलं. २०११ ची भाऊबीज २८ ऑक्टोबरला होती आणि त्याच संध्याकाळी गुडगावला त्यांचा कार्यक्रम. दोन दिवसांनी, रविवारी, बेंगळुरूत. माझं तिकीट बेंगळुरूचं. ताईकडं ओवाळून घेऊन चकलीचा पहिला तुकडा मोडतोय तोवर फोन आला, गुडगावचा कार्यक्रम रद्द, पोरांनी स्टेजवर चढून मोडतोड केलीय. आता बेंगळुरूचंही खरं नाही, असं जो तो म्हणायला लागला. ताईचा पोरगा तेव्हा चार-पाच वर्षांचा असेल. मामाचं तोंड का उतरलंय ते त्याला कळेना. त्यानं मला समजूत म्हणून फुलबाजा दिला.

तरी शनिवारी रात्री बसमध्ये बसलो. हुबळीच्या पुढं झोप लागली नाही. बसमध्ये काळे टीशर्ट घातलेले आणखी चौघंपाचजण होते, सांगली-बेळगावकडचे. सकाळी तुमकूरच्या अलीकडं चहाला थांबल्यावर सगळ्यांचा एकच प्रश्न, "काही कळलं का?" पॅलेस ग्राउंडच्या बाहेर रांग दिसली तेव्हा जीव भांड्यात पडला. अंधार झाला, पडद्यावर जुन्या वेस्टर्न सिनेमातला माणूस कबरीमधून धावायला लागला आणि संगीतकार मोरिकोनेचं 'एक्स्टसी ऑफ गोल्ड' सुरू झालं. मेटॅलिका १९८३ पासून याच धूनवर मंचावर येतात. हे हजारदा ऐकलेलं असतं. तरी हजारो लोकांबरोबर ते ऐकताना अंगावर काटा येतो तो येतोच. बेंगळुरूची गर्दी मला मुंबईपेक्षा उजवी वाटते. तिथं लोक गाणी ऐकायला येतात, मुंबईत बरेचजण आलोय हे दाखवायला. मुंबईकरांनी रागावू नये. रागावले तरी माझं मत तेच.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०१२ मध्ये, गन्स एन' रोझेस भारतात आले. पण त्यांचा गिटारवाला स्लॅश नाही, बास गिटारवाला डफही नाही. मी गेलो नाही. नवरदेवाशिवाय वरात कसली बघायची? २०१६ मध्ये दोघंही बँडमध्ये परतले आणि मग मी वाट बघत बसलो. तारीख जाहीर झाली: १७ मे २०२५, शनिवार, मुंबई, महालक्ष्मी रेसकोर्स. आमच्या अंबाबाईला बाहेरची माणसं महालक्ष्मी म्हणतात, आमच्या रात्रीच्या गाडीचं नाव महालक्ष्मी एक्स्प्रेस, आणि आता ठिकाणही महालक्ष्मी. ताई म्हणाली, "देवीच बोलावतीय म्हणायची." आणि फुलबाजावाल्या पोराला माझ्याबरोबर पाठवलं. तो आता इंजिनिअरिंगला आहे, माझ्यापेक्षा वीतभर उंच, आणि गिटार माझ्यापेक्षा बरी वाजवतो.

शुक्रवारी रात्री गाडी सुटली. मिरज गेलं, कराड गेलं, तरी भाचा वरच्या बर्थवरून खाली वाकून विचारतोय, "मामा, 'नोव्हेंबर रेन' घेतील ना?" सकाळी दादरला उतरून परळला आत्येभावाकडं अंघोळी उरकल्या. दुपारी लोकलनं महालक्ष्मी स्टेशन. मे महिन्यातली मुंबई म्हणजे उकडून काढते. गेटवर पाण्याच्या बाटल्या काढून घेतल्या आणि आत पाण्यासाठी ही लांबलचक रांग. व्यवस्थेबद्दल एवढंच बोलतो, नाहीतर लेख तिथंच संपेल.

रेसकोर्सची खोड अशी की जमीन सपाट. पुढं सहा फुटी माणूस आला की तुमच्या वाट्याला त्याची मान आणि त्याचा वर धरलेला मोबाइल. मला अशा वेळी हमखास आमचं खासबाग कुस्ती मैदान आठवतं. शाहू महाराजांनी रोममधला जुना आखाडा बघून ते मैदान बांधून घेतलं म्हणतात. हौदा मधोमध खाली आणि भोवती चढत जाणारी बैठक, शेवटच्या माणसालाही पैलवानाच्या टाचेची माती दिसते. शंभरेक वर्षांपूर्वी कुस्तीच्या प्रेक्षकाची जी सोय कोल्हापुरात झाली, ती आज हजारो रुपये मोजणाऱ्याची होत नाही. खासबागेत एकदा स्लॅश उभा करायला पाहिजे. वस्तादांची परवानगी मी काढतो.

भाचा आत शिरल्या शिरल्या पुढं पळाला. मी माझ्या जागेवर गेलो. स्टेजच्या बरोबर समोर, मैदानाच्या मध्यावर एक उंच मांडव असतो, त्यात साउंड इंजिनिअर मिक्सर घेऊन बसलेला असतो. त्याच्या कानाला जे बरोबर लागतं तेच तो सगळीकडं पाठवतो, म्हणून त्याच्या पुढं दहा पावलांवर उभं राहावं. फार मागं गेलं तर दुसरीच गंमत होते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. शंभर मीटरवर ड्रमरची काठी पडलेली आधी दिसते आणि ठोका जवळजवळ तीस शतांश सेकंदानं मागून येतो. मैदानात मागच्या बाजूला जे स्पीकरचे मनोरे उभे असतात, ते मुद्दाम तेवढाच उशीर करून वाजवतात, म्हणजे पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांवर आदळत नाही.

आणि तिथं उभं राहून मला डॉल्बीतला फरक नेमका सापडला. डॉल्बीत खालचे सगळे आवाज एकमेकांत कालवून छातीवर फेकतात. इथं पायानं वाजणाऱ्या ड्रमचा ठोका वेगळा, आणि डफ मॅकेगन बासच्या तारेवर पिक मारतो त्याची ती टणत्कारी कड वेगळी. दोन्ही एकाच क्षणी, पण एकात एक नाही. आवाज तेवढाच मोठा, पण त्यात माणसं मोजता येत होती. वडील असते तर त्यांना हे दाखवलं असतं. पटलं असतं असं नाही, पण त्यांनी ऐकलं असतं.

गायक ॲक्सल रोझ तेव्हा ६३ वर्षांचा. वरच्या पट्टीत आवाज आता पातळ लागतो, खर्जात मात्र अजून तोच करकरीत. तो पियानोवर बसला आणि 'नोव्हेंबर रेन' सुरू झालं, तेव्हा भाचा कुठं असेल तिथं उड्या मारत असणार हे मला न बघता कळलं. शेवटच्या सोलोला स्लॅश काही अवघड वाजवत नाही. सूर कमी, प्रत्येक सुराला भरपूर जागा, आणि तार ओढून तो हव्या त्या ठिकाणी सावकाश नेतो. मींड म्हणा हवं तर. शेवट 'पॅराडाइज सिटी'नं झाला, आणि माझ्या शेजारचे पन्नाशीचे गृहस्थ, बहुतेक बँकेतले वगैरे असावेत, चष्मा खिशात घालून नाचले.

गर्दीतून स्टेशन गाठलं, दादर केलं, सायनला कोल्हापूरची बस धरली. भाच्याचा घसा बसलेला. मी कानात घालायला दिलेले स्पंजचे बोळे त्यानं पहिल्याच गाण्याला खिशात टाकले होते. वाद तिथंच सुरू झाला.

"पुढं तुला पियानो ऐकू आला का?" मी विचारलं.

"नाही."

"बास?"

"अजिबात नाही."

"मग काय ऐकलंस?"

"मामा, स्लॅशच्या हनुवटीवरून घाम गिटारवर पडताना दिसला मला. पडद्यावर नव्हं, समोर! तुला दिसला का?"

मी त्याला स्पीकरचे मनोरे, तीस शतांश सेकंद वगैरे परत पहिल्यापासून सांगायला लागलो. तोही बसलेल्या घशानं सोलो तोंडानं वाजवून दाखवायला लागला. पनवेलच्या पुढं क्लीनर मागं आला आणि म्हणाला, "ओ पावणं, गाडीत माणसं झोपल्यात. काय ते भांडण सातारला उतरून करा."