१/२४ डेलोरियन: बॉडीचा पत्रा झाला, आता तारा आणि दिवे

आओशिमा या जपानी कंपनीच्या प्लास्टिक किटमधून मी सिनेमातल्या डेलोरियन गाडीचं मॉडेल बनवतोय. तिची बॉडी रंगवून झाली आणि ती हवी तशी दिसतेय, म्हणून आज सविस्तर लिहितो. इंजिन आणि चॅसिसबद्दल फार सांगण्यासारखं नाही. भाग नीट बसतात, चाकं सरळ राहतात, आणि खालची बाजू नंतर कोणी बघणार नाही. या गाडीचं खरं काम दोनच ठिकाणी आहे: बाहेरचं स्टील आणि मागचा सगळा जुगाड.

‘बॅक टू द फ्युचर’ या कालप्रवासाच्या सिनेमांच्या मालिकेतल्या तिन्ही भागांतल्या टाइम मशीन गाड्यांची किट मिळतात. मी पहिल्या भागातली, म्हणजे १९८५ च्या सिनेमातली गाडी घेतली. मागे मधोमध प्लुटोनियमचा रिअ‍ॅक्टर असलेली. दुसऱ्या भागातल्या गाडीवर त्या जागी मिस्टर फ्युजन हा दुसरा ऊर्जास्रोत येतो, आणि तो क्रुप्सच्या कॉफी ग्राइंडरपासून केला होता हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. तो सुबक आहे, पण मला रिअ‍ॅक्टरवालीच आवडते. ती कुणीतरी गॅरेजमध्ये मिळेल ते जोडून बनवल्यासारखी दिसते. त्या रिअ‍ॅक्टरचा तळही जुन्या डॉज पोलारा गाडीच्या हबकॅपचाच आहे.

आता स्टील. डीएमसी-१२, म्हणजे खरी डेलोरियन, ही गाडी इटालियन डिझायनर जॉर्जेटो ज्युजारोने आखली आणि उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टजवळच्या डनमरी इथल्या कारखान्यात १९८१ पासून बनली. साधारण ९,००० गाड्या निघाल्या आणि कंपनी बुडाली. तिच्या बाहेरच्या पत्र्यावर रंगच नाही. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील, ब्रश फिनिश, बस्स. त्यामुळे आपण रंग मारतोय हे मॉडेलवर दिसलं की गाडी हातची गेली. बाजारात दिसणाऱ्या बऱ्याच डेलोरियन एक तर क्रोमसारख्या चकचकीत असतात, नाहीतर चंदेरी रंगाच्या साध्या कारसारख्या. घरातल्या स्टीलच्या सिंककडे तिरक्या उजेडात बघा. त्यात तुमचा चेहरा दिसत नाही, उजेड मात्र एका दिशेने ओढला गेलेला दिसतो. तेवढंच पकडायचं आहे.

आणि ते १/२४ मध्ये, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाच्या मापात, पकडायचं आहे. खरी गाडी ४२६७ मिमी लांब, म्हणजे मॉडेल जवळपास १७८ मिमी. या मापात खऱ्या पत्र्यावरच्या रेघा डोळ्यांना दिसणारच नाहीत. मॉडेलवर रेघ मोजता आली तर ती खऱ्या गाडीवर करवतीने ओढल्यासारखी ठरेल. म्हणून रेघा रंगात न काढता खालच्या थरात काढायच्या.

मी असं केलं. आधी साच्याच्या रेषा १००० च्या पॉलिश पेपरने पाण्यात घासून काढल्या. त्यावर मिस्टर सर्फेसर १५०० हा काळा प्रायमर, पातळ करून. तो पक्का वाळल्यावर २००० चा पेपर लाकडाच्या छोट्या तुकड्याला गुंडाळला आणि प्रत्येक पॅनेलवर एकाच दिशेने, एकाच टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला. मागे-पुढे अजिबात नाही, गोल तर नाहीच. दार, फेंडर, बॉनेट हे वेगवेगळे पत्रे आहेत, म्हणून प्रत्येकाची दिशा खऱ्या गाडीचे फोटो समोर ठेवून ठरवली आणि शेजारचं पॅनेल टेपने झाकूनच हात लावला. जोर इतका कमी की काळा थर फक्त किंचित निस्तेज व्हावा.

मग अल्क्लॅड कंपनीचा ‘स्टेनलेस स्टील’ हा धातूसारखा लॅकर रंग. एअरब्रशने १२ ते १५ पीएसआय दाबावर, लांबून, धुक्यासारखे पातळ थर. हा रंग चमकदार काळ्यावर मारला तर पॉलिश केलेल्या धातूसारखा आरसा होतो आणि आपल्याला तो नकोय. घासलेल्या काळ्यावर मारला की तो त्या न दिसणाऱ्या रेघांत बसतो. दिव्याखाली मॉडेल हळू फिरवलं तर बॉनेटवरची उजेडाची पट्टी सरकत जाते आणि दाराच्या कडेला येऊन तुटते. तिथे दुसरा पत्रा सुरू होतो. दोन पॅनेलमधला हा तुटकपणा दिसला तेव्हा मी बाकीच्या बॉडीचं काम निश्चिंतपणे पुढे नेलं. वर क्लिअर कोट दिलेला नाही आणि देणारही नाही. अगदी सॅटिन क्लिअरनेसुद्धा धातूचा जिवंतपणा जातो, हे प्लास्टिकच्या चमच्यांवर शेजारी-शेजारी मारून पाहिलंय. हाताळताना हातमोजे घालायचे, एवढीच अट.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो, कारण ती फार कमी मॉडेल्सवर दिसते. डेलोरियनचे पुढचे-मागचे बंपर स्टीलचे नाहीत. ते युरेथेनचे, रंगवलेले आहेत, आणि त्यांचा रंग पत्र्याशी कधीच तंतोतंत जुळत नाही. म्हणून बंपर वेगळे काढून त्यांना टामियाचा एक्सएफ-१६ अ‍ॅल्युमिनियम आणि त्यात थोडा एक्सएफ-५३ करडा दिला. पत्र्यापेक्षा किंचित मऊ, किंचित राखाडी. जोडल्यावर फरक जेमतेम जाणवतो, पण त्या फरकामुळेच शेजारचं स्टील स्टील वाटायला लागतं.

बाजूची काळी पट्टी आणि खिडक्यांच्या कडा शेवटी. मेटॅलिक लॅकरवर टेप लावायची भीती सगळ्यांनाच असते. टेप आधी तळहाताच्या मागच्या बाजूला दोन-तीनदा चिकटवून तिचा चिकटपणा कमी करा आणि काढताना स्वतःवरच दुमडत, अगदी सपाट ओढा. काळ्यासाठी शुद्ध काळा वापरला नाही. या मापात तो भोक पडल्यासारखा दिसतो. एक्सएफ-६९ नाटो ब्लॅक पुरेसा काळा आहे.

पुण्यात पावसाळ्यात लॅकर मारणाऱ्यांसाठी: हवेत ओल जास्त असली की रंगावर पांढरट झाक येते. मी पावसाची उघडीप बघूनच धातूचे थर दिले, खोली बंद ठेवून आधी डिह्युमिडिफायर चालवला आणि थिनरमध्ये थोडा रिटार्डर (रंग सावकाश वाळवणारं द्रव) घातला. कॉम्प्रेसरच्या वॉटर ट्रॅपमधलं पाणी काढायचं विसरू नका.

आतलं काम. डॅशबोर्डवर तीन ओळींचं टाइम सर्किट आहे: वर लाल, मध्ये हिरवी, खाली पिवळी. जायची वेळ, आताची वेळ, मागे सोडलेली वेळ. लाल ओळीत ५ नोव्हेंबर १९५५. डीकॅल (किटमधले छापील स्टिकर) लावून वर प्रत्येक ओळीवर क्लिअरचा एकेक थेंब सोडला, की काच असल्यासारखं दिसतं. खऱ्या डीएमसी-१२ चा स्पीडोमीटर ८५ मैलांपर्यंतच होता, म्हणजे सिनेमातले ताशी ८८ मैल त्याच्या बाहेरचे. सिनेमाच्या गाडीत डॅशवर वेगळा डिजिटल आकडा बसवलाय. तो किटमध्ये आहे, पण त्याच्या कडा जाड आहेत. पातळ प्लास्टिक शीटचा नवा डबा कापून लावला.

सीटच्या मागे, मधोमध फ्लक्स कपॅसिटर, म्हणजे सिनेमात कालप्रवास घडवणारं यंत्र. तीन नळ्या वाय आकारात. त्यात ०४०२ या अगदी छोट्या मापाचे तीन पांढरे एलईडी बसवले, वायरिंग सीटच्या मागच्या पोकळीतून खाली. प्लास्टिकमधून उजेड झिरपतो, म्हणून आतून आधी काळा, त्यावर चंदेरी, मग वरचा रंग. प्रत्येक एलईडीला स्वतंत्र रेझिस्टर, सगळं समांतर जोडलेलं, आणि बॅटरी गाडीत न ठेवता स्टँडच्या पोटात.

मागच्या केबल्ससाठी किटमधले प्लास्टिकचे भाग बाजूला ठेवले. पुण्यातल्या तपकीर गल्लीत इनॅमल तांब्याची तार आणि बारीक सोल्डर वायर मिळाली. ०.५ मिमी सोल्डर वायर म्हणजे खऱ्या गाडीवर १२ मिमीची केबल, ०.३ मिमी तांबं म्हणजे साधारण ७ मिमी. दोन्ही जाडी मिसळल्या की केबल्स एकाच कारखान्यातून आल्यासारख्या वाटत नाहीत, आणि हेच हवंय. कोरुगेटेड (वळ्यावळ्यांच्या) पाइपसाठी सोल्डरवर सगळ्यात पातळ तांब्याची तार घट्ट गुंडाळली आणि वर गडद करडा मारला. सोल्डर मऊ असते, हलक्या हाताने वाकवली की खऱ्या केबलसारखी खाली झुकलेली राहते. प्लास्टिकची केबल कधीच अशी झुकत नाही.

छतावरून दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या तारा झाल्या आहेत. मागच्या दोन मोठ्या व्हेंटच्या आत काजळीचा हलका थर दिलाय, पेस्टल पावडरने, फक्त आतल्या कडांना. बाहेर धूळ-गंज काहीही नाही. स्टीलची गाडी आहे, तिला गंजवून चालणार नाही.

दारं उघडी ठेवतोय, दोन्ही. सिनेमात १९५५ च्या त्या गोठ्यात ही गाडी परग्रहावरचं यान समजली जाते, ती या गलविंग, म्हणजे पंखांसारखी वर उघडणाऱ्या दारांमुळेच. खऱ्या गाडीत ही वजनदार दारं पेलणारे टॉर्शन बार (पीळ दिलेले स्टीलचे दांडे) अतिथंड तापमानात पीळ देऊन बसवलेले होते आणि ते काम विमानं बनवणाऱ्या ग्रुमन कंपनीने केलं होतं. मॉडेलवर हे ओझं एका बारीक पिनवर येतं, म्हणून तिथे ०.८ मिमी पितळी तार घातली. मॉडेलसाठी डिस्प्ले केस (पारदर्शक पेटी) घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: दारं बंद असताना उंची ४७-४८ मिमी, उघडी असताना ८२ मिमीच्या आसपास. स्टँडसकट केस किमान १२० मिमी उंच हवी.

राहिलेलं काम: रिअ‍ॅक्टरचं झाकण, मागची ‘आउटाटाइम’ लिहिलेली नंबर प्लेट, बॉडीभोवतीच्या पट्ट्यांचा निळसर उजेड. या पट्ट्यांसाठी ०.२५ मिमी फायबर ऑप्टिक वापरावं की पट्टीच्या कडेला पारदर्शक निळ्याचा नुसता फिल्टर द्यावा, हे अजून ठरत नाहीये. फायबर कडेने खरवडला तर तो पूर्ण लांबीभर उजळतो, पण इतक्या कमी जागेत तो वाकवताना तुटतो. कुणी या मापात केलं असेल, तर वाकवण्याआधी गरम हवा दिली होती का, आणि किती अंतरावरून, तेवढं जरूर सांगा.