हनुवटीचे टाके आणि कानापुढचा सांधा

गेल्या आठवड्यात माझ्याकडे सात वर्षांची एक मुलगी आली. तिच्या वरच्या आणि खालच्या दातांमध्ये पोळीचा लहानसा तुकडा कसाबसा सरकेल एवढीच फट उरली होती. अडीच वर्षांपूर्वी ती ओट्यावरून पालथी पडली, हनुवटी फुटली, जवळच्या दवाखान्यात तीन टाके घातले गेले आणि आठवडाभरात जखम भरली. त्या दिवशी तिला तोंड उघडायला मात्र कोणी सांगितले नाही. पुढे घास लहान होत गेले, रात्रीचे घोरणे वाढले, हनुवटी मागे राहिली. आणि आज तिच्या उजव्या कानापुढचा सांधा हाडानेच कवटीला सांधला गेला आहे. जबड्यांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या आम्हा लोकांना हे दृश्य नवे नाही, पण त्याची सवय होऊ नये असे मला वाटते.

मुलांच्या चेहऱ्याची हाडे मोठ्यांच्या मानाने कमी मोडतात हे खरे आहे. जन्माच्या वेळी कवटी आणि चेहरा यांच्या आकाराचे प्रमाण साधारण ८ : १ असते, मोठेपणी ते सुमारे २ : १ होते, त्यामुळे लहान मूल पडले की बहुधा कपाळ मार खाते आणि चेहरा वाचतो. शिवाय त्यांचे हाड ओल्या फांदीसारखे असते, तुटण्याआधी ते वाकते. हनुवटीचे मात्र तसे नाही. तिच्यावर बसलेला मार जबड्यातून वर चढत थेट कानापुढच्या सांध्यापर्यंत पोहोचतो. जबड्याचे तिथले टोक, म्हणजे कॉन्डाइल, मोठ्या माणसात बारीक मानेवर असते आणि मोडते ती मान; पाच-सहा वर्षांखालच्या मुलात ही मान आखूड व जाड असते, म्हणून भरपूर रक्तपुरवठा असलेले ते मऊ टोकच सांध्याच्या आत चिरडते. सांध्यात रक्त साचते, दुखते म्हणून मूल तोंड हलवत नाही, आणि त्या साचलेल्या रक्ताच्या जागी पुढे हाड धरते.

परेडमध्ये उभ्या-उभ्या चक्कर येऊन हनुवटीवर कोसळलेल्या शिपायाचा जबडा मधोमध आणि दोन्ही सांध्यांजवळ असा तीन ठिकाणी मोडतो, म्हणून या प्रकाराला ‘गार्ड्समन फ्रॅक्चर’ असे नाव पडले. ओट्यावरून किंवा स्कूटरवर पुढे उभे असताना पडलेल्या मुलाच्या बाबतीतही नेमके हेच घडू शकते. तेव्हा फुटलेल्या हनुवटीला टाके घालण्यापूर्वी मुलाला तोंड उघडायला सांगावे. हनुवटी एका बाजूला झुकत असेल, तर बहुधा त्याच बाजूचा सांधा दुखावलेला असतो. दाढा टेकूनही पुढचे दात मिटत नसतील, दात नेहमीसारखे बसत नसतील किंवा कानातून रक्त आले असेल, तर ओपीजी (संपूर्ण जबड्याचा एक्स-रे) किंवा सीटी स्कॅन केल्याशिवाय मुलाला घरी पाठवू नये.

फ्रॅक्चर म्हटले की पालकांच्या डोळ्यांसमोर प्लेट आणि स्क्रू येतात. पण या वयात खालच्या जबड्यात दुधाच्या दातांखाली पक्क्या दातांचे अंकुर इतके दाटीने बसलेले असतात की स्क्रूला निर्धोक जागा सापडणे अवघड जाते. कधी प्लेट लावावीच लागते. तेव्हा ती जबड्याच्या अगदी खालच्या कडेला लावतो आणि काही महिन्यांनी काढतो. एरवी जुनीच पद्धत मला अधिक भरवशाची वाटते. गेल्या पावसाळ्यात पाच वर्षांच्या एका मुलाचा जबडा मधोमध आणि डाव्या सांध्यात मोडला होता. त्याच्या दातांचे माप घेऊन प्लास्टरचा साचा केला, तो साचा फ्रॅक्चरच्या रेषेवर करवतीने कापला, वरच्या दातांशी नीट जुळवून पुन्हा जोडला आणि त्यावर ॲक्रिलिकची टोपी तयार केली. भूल देऊन ती खालच्या दातांवर बसवली आणि जबड्याखालून फिरवलेल्या तारांनी आवळली. मुलांचे हाड लवकर जुळते, म्हणून अशा वेळी चार-पाच दिवसांपेक्षा जास्त थांबून चालत नाही. आणि ही टोपीही तीन आठवड्यांत निघते. तिचा मोठा गुण असा की दोन्ही जबडे एकमेकांना बांधावे लागत नाहीत, त्यामुळे दुखरा सांधा पहिल्या आठवड्यापासूनच हलता ठेवता येतो. चिरडलेले टोक वाढत्या वयात बऱ्याच अंशी पुन्हा आकार घेते, पण त्यासाठी त्याला हालचाल हवी असते.

ही हालचाल आम्ही आइस्क्रीमच्या काड्यांनी करवून घेतो. काड्या एकावर एक ठेवून ती जुडी दातांमध्ये धरायची आणि दर दोन-तीन दिवसांनी त्यात एक काडी वाढवायची. त्या मुलाच्या वडिलांनी भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनांत रोजचा आकडा लिहिला होता: सुरुवातीला ७, मग ९, अडीच महिन्यांनी १८. आता त्याच्या स्वतःच्या हाताची तीन बोटे उभी तोंडात मावतात. तरीही जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत दरवर्षी त्याला यावे लागेल, कारण दुखावलेली बाजू मागे राहते आहे का, हे वाढ होत असतानाच कळते.

मुलीची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात आहे. तोंड उघडत नसल्यामुळे भुलीची नळी दुर्बिणीच्या मदतीने नाकातून घालावी लागेल, सांधलेले हाड कापून काढावे लागेल आणि बहुधा बरगडीचा तुकडा तिथे बसवावा लागेल. काड्या तिलाही मिळतील, मात्र त्या तिला निदान वर्षभर, दुखत असतानाही, रोज धराव्या लागतील.