यंदा मी आत झोपले

८ जून २०२५, रविवार

गुहागरहून परत आल्यापासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. इतकी बारकी आहे की कुणाला सांगितली तर "हे काय मनाला लावून घेतेस!" एवढंच ऐकायला मिळेल. म्हणून इथे लिहितेय.

पहिल्या रात्रीची गोष्ट. जेवणं आटोपली आणि खळ्यात मांडवाखाली अंथरुणं पडायला लागली. नंदूने माळ्यावरच्या गाद्या खाली टाकल्या, मुलांनी जागा धरायला लांबूनच उशा फेकल्या, ओवी तर केव्हाच मनूमामाच्या पांघरुणात शिरली होती. मीही उशी काखेत घेऊन माझ्या नेहमीच्या जागी, वृंदावनाच्या कडेला निघाले. तेवढ्यात काकू दारातून म्हणाली, "अगो, तुझं आत घातलंय. खाटेवर. बाहेर तुला झोप लागायची नाही."

आत गेले. माजघरातल्या खाटेवर धुतलेली चादर, उशाशी तांब्या-भांडं, पंख्याचं तोंड खाटेकडे वळवलेलं. काकूने इतकं मनापासून केलं होतं की नाही म्हणायला तोंडच उघडेना. लागलंय ते काकूचं बोलणं नाहीच. लागलंय ते हे, की मी आत जात असताना बाहेरून भावंडांपैकी कुणीही म्हणालं नाही, "राहू दे गं काकू, ताई आमच्यात झोपू दे." नंदू नाही, शिल्पा नाही, मनू नाही. उशी घेऊन मी दाराच्या उंबऱ्यावर क्षणभर थांबलेसुद्धा. कुणीतरी हाक मारेल म्हणून.

कुणी मारली नाही.

आता कारणं शोधत बसलेय. कंबर म्हणावी, तर जानेवारीत फोनवर मीच काकूला सांगितलं होतं, की फार वेळ खाली बसता येत नाही. पण शिल्पाची मान माझ्या कंबरेहून वाईट आहे आणि ती खुशाल दगडी पायरीला डोकं लावून झोपत होती. वय म्हणावं, तर नंदू माझ्याहून वर्षाने लहान, एवढंच. तो पोरांच्या मधोमध हातपाय पसरून पडलेला असायचा. मी शाळेतली बाई आहे, मुलं मला बुजतात, असं म्हणावं तर दिवसभर तीच मुलं माझ्या अंगाखांद्यावर होती.

आणि ती खाट आत्याची. हे मला माहीत होतं, काकूला माहीत होतं, बाहेरच्या सगळ्यांना माहीत होतं. दिवाळीनंतर त्या खाटेवर कुणी झोपलं नव्हतं.

पहिल्या रात्री बराच वेळ जागी होते. खिडकीला लागूनच खळं. मेंढीकोट रंगलेला, हुकूम कुणी बोलायचा यावर भांडण, पानं आपटल्याचा आवाज, मग मुलं झोपल्यावर त्यांची दबकी कुजबूज. एकदा सगळे मोठ्याने हसले आणि नंदूचा आवाज आला, "हळू रे, ताई झोपली असेल." आम्ही लहान असताना हेच वाक्य आजीसाठी म्हणायचो. मग आत्यासाठी. मी डोळे टक्क उघडे ठेवून पडले होते. उठून बाहेर जावं, पत्ते वाटायला बसावं, कोण नाही म्हणणार होतं? पण गेले नाही. बोलावल्याशिवाय जायचं नाही, असं मनाने धरलं ते धरलं.

दिवसा यातलं काहीच नसायचं. दिवसा मी सगळ्यांत होते, म्हणून तर रात्र जास्त टोचायची. मे महिना म्हणजे आमच्या घरात श्वास घ्यायला फुरसत नसते. चिनूची मुंज चिपळूणला झाली, तिथून पन्नास माणसं घरी आली, दुसऱ्या दिवशी मनूचं केळवण. पंगतीला सांदणं आणि नारळाचं दूध, फणसाची भाजी, कोयाडं. कोयाड्यातले रायवळ आंबे चोखताना कोपरापर्यंत ओघळ आलेली मुलं तशीच विहिरीवर पळाली. ओवीच्या पाठीला काकांनी दोन सुके असोले नारळ बांधले आणि तिला विहिरीत सोडलं. मीही त्याच विहिरीत, असेच नारळ बांधून शिकले, तेव्हा वर काठावर बाबा उभे होते. असो.

हेदवीचा दिवस मात्र लिहून ठेवायलाच हवा. १६ मे, संकष्टी. दशभुज गणपतीचं दर्शन झालं आणि मुलांनी बामणघळीचा हट्ट धरला. घळ बघायची तर भरतीलाच, नाहीतर काळ्या खडकातली एक लांब भेग, एवढंच दिसतं. नंदू फोनमध्ये भरतीची वेळ शोधत होता, पण रेंज नव्हती. काका म्हणाले, "आज तिथी काय? चतुर्थी. चार पाऊणे तीन. तीनला पुरी भरती." मुलं बघतच राहिली. मग काकांनी त्यांना बसवून पाऊणकी म्हणून दाखवली, एक पाऊणे पाऊण, दोन पाऊणे दीड, तीन पाऊणे सव्वादोन. जी तिथी असेल तिची पाऊणपट करावी, तेवढ्या वाजता भरती, अमावास्येला आणि पुनवेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. तीनला उन्हाने खडक तापलेला, चपला हातात घेता येईनात आणि पायात टिकेनात. भेगेत पाणी शिरलं की आधी आत कुठेतरी खोल धडकल्याचा आवाज येतो, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग एकदम फवारा वर. पावसाळ्यात उडतो तेवढा नाही, पण मुलं भिजायला तेवढा पुरला. मी आणि शिल्पा हात धरून उभ्या होतो, प्रत्येक फवाऱ्याला दोघी ओरडत होतो. तिथे मला एकदाही वाटलं नाही की मी यांच्यातली नाही.

परतल्यावर अंथरुणं पडली आणि माझे पाय आपोआप आत वळले. तेव्हा वाटलं.

२० मेच्या रात्री पाऊस आला. आधी वाटलं वळवाचा आहे, तासाभरात जाईल. पण तो थांबेचना. झापांच्या मांडवातून धारा लागल्या, सगळे गाद्या डोक्यावर घेऊन ओटीवर धावले. मी दार उघडून म्हटलं, आत या सगळे, माजघर मोकळं आहे. "नको गं ताई, इथेच दाटीवाटीने बसतो, मजा आहे," मनू म्हणाला. ओटीवर एकाच्या पायाशी दुसऱ्याचं डोकं, ओली पांघरुणं गजांना टांगलेली, आणि पुन्हा पत्ते. मी दार लोटून घेतलं.

त्या पावसाने मेची घडीच विस्कटली. ताटांत ओतलेली आंब्याची साठं अर्धवट वाळलेली. एक थर सुकला की वर दुसरा रस ओतायचा, त्यातला दुसराच थर चालू होता. ती ताटं पंख्याखाली आणली तरी कडेने आंबूस वास यायला लागला. करवंदं पाणचट झाली. सड्यावर जायचं राहूनच गेलं. कोकमाचे रातांबे तेवढे जमतील तसे फोडले. दिवसभर मी आणि काकू मागीलदारी पाट टाकून बसायचो. फळ मधे चिरायचं, बिया एकीकडे, सालं दुसरीकडे, सालं त्याच रसात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची. पण वाळवणार कुठे? चुलीच्या वरच्या फळीवर पसरली. माझी नखं अजून कडेने लालसर आहेत. यंदा मान्सून केरळात २४ मेलाच आला आणि मी ठाण्याला परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी, २६ मेला, मुंबईतसुद्धा पोचला. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. मांडव उतरवायला सवड मिळाली नाही, तो तसाच भिजत उभा होता.

तर त्या पावसाच्या रात्री, मी दार लोटून आडवी झाले, आणि काकू बोलायला लागली.

तशी ती रोजच थोडं बोलायची. तिची गादी खाली, खाटेला लागून. काका पडवीत झोपतात. दिवा मालवला की आधी ती गुडघ्यांना तेल चोळायची, त्याचा वास यायचा, मग अंधारात एकेक गोष्ट. काकांची साखर. नारळ पाडायला माणूस मिळत नाही. आंबा कराराने दिला त्याचे पैसे कुठे गेले. मी हूं हूं करत असे आणि माझे कान खिडकीकडे असत. त्या रात्री पागोळ्यांच्या आवाजात बाहेरचं काही ऐकू येईना, म्हणून पहिल्यांदा नीट ऐकलं. ती गेल्या जुलैचं सांगत होती. वादळ झालेलं, वीज गेली ती दिवसेंदिवस आली नाही, काका चिपळूणला दवाखान्यात, रात्री मागच्या माडाची झावळी कौलांवर पडली तेव्हा तिला वाटलं घरच खाली आलं. "तेव्हा वन्सं होत्या," ती म्हणाली. "झोप आम्हां दोघींनाही लागली नाही. पण त्या खाटेवरून बोलत राहिल्या. लहानपणीचं काहीबाही. उजाडलं कधी, कळलं नाही."

मग थोड्या वेळाने म्हणाली, "आता पाऊस लागला की मला या खोलीत नको होतं."

पुढे काही बोलली नाही. मीही नाही. मी हात खाली सोडला, तिने तो धरला की तिचा आधीच तिथे होता, आठवत नाही.

तेव्हापासून माझी पंचाईत झालीय. रुसायचं तर कुणावर? चादर माझ्या कंबरेसाठी नव्हतीच घातली. त्या खाटेवरून कुणाचा तरी आवाज यायला हवा होता तिला, आणि घरात आलेल्या माणसांत तो माझा असावा असं तिला वाटलं. हे कळल्यावर बरं वाटायला हवं. वाटलंही. पण पूर्ण नाही. बाहेरच्यांनी हाक मारली नाही ती नाहीच. काकूचं कारण खरं आहे म्हणून माझं वाईट वाटणं खोटं ठरत नाही. दोन्ही आहे.

काल न राहवून शिल्पाला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून शेवटी विचारलंच, मी आत झोपत होते ते तुम्हाला काही वाटलं नाही का गं? ती दोन क्षण गप्प. मग म्हणाली, "तू आत झोपत होतीस? मला वाटलं तू पहाटे उठून आत जातेस. सकाळी चहा टाकलेला असायचा ना." तिला खरंच माहीत नव्हतं. ती बिछान्यावर पडली की संपलं, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. आणि मी इकडे महिनाभर त्या न मारलेल्या हाकेचा हिशोब मांडून बसले होते! फोन ठेवल्यावर मी थोडी रडले. मग मोकळं वाटलं. कुणी मला बाहेर काढलं नव्हतं, कुणाचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. भावंडांच्यात असंच असतं, आणि लहानपणी मीही कुणाच्या अंथरुणाकडे कधी बघितलं नव्हतं. आत्या पहिल्यांदा आत कधी झोपायला लागली, आठवून बघितलं. आठवत नाही. तिला आम्ही हाक मारली होती का, तेही नाही. तिलाही असंच टोचलं असेल का, हे आता कुणाला विचारू?

दादाचं नाव यंदा महिनाभरात कुणी काढलं नाही, त्याबद्दलही लिहायचं होतं. पण ते आज नको.

काकूला रोज रात्री फोन करतेय, नऊच्या बातम्या झाल्यावर. तिला फोनवर फार बोलता येत नाही, दिवा मालवल्यावर येतं तसं. परवा वीज गेली होती तेव्हा मात्र छान बोलली. मांडव उतरवला, झापं चुलीला घातली, आमसुलं निम्मी तरी हाताला लागली आहेत, त्यातली एक बरणी माझ्या नावाची.

गणपती २७ ऑगस्टला आहेत. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे जूनच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी आठला मांडी ठोकून बसायला हवं, मिनिटभर उशीर झाला की चिपळूणपर्यंतची प्रतीक्षायादीच हातात. यंदा माझं आणि ओवीचं तिकीट मी दोन दिवस आधीचं काढणार आहे. आणि नंदूला आजच कळवून टाकलंय, रात्री बारापर्यंत मेंढीकोटाला मी बसणार, माझा भिडू तूच, आणि बारानंतर मी काकूकडे आत जाणार. त्याने उलट विचारलं, "मग मेमध्ये का नाही बसलीस? आम्हाला चौथा भिडू नव्हता, मनू दर वेळी चिनूला घेऊन खेळायचा आणि हरायचा."