दोरी चढल्यावर

सकाळी सहाला पोदेराचा, म्हणजे आमच्या गोव्यातल्या पाववाल्याचा, भोंगा आमच्या वाड्यावरून पुढे सरकतो. दोन पोया, म्हणजे गोल पाव, पिशवीत पडल्या की मी धनुष्य घेऊन मैदानाकडे निघतो. चौरेचाळिसाव्या वर्षी तिरंदाजी शिकायला घेतलेल्या माणसाकडे गावाने जसं बघायचं तसं बघून झालेलं आहे. आता फक्त शेजारचे काका फाटकाशी उभे राहून विचारतात, "काय बाब, आज कोणाला मारणार?"

कोणालाच नाही. पहिली वीस मिनिटं तर मी बाणाला हातही लावत नाही.

माझं धनुष्य बांबूचं. आपल्याकडे स्पर्धांत ३० आणि ५० मीटरवरून मारायचा 'इंडियन राउंड' हा प्रकार खेळतात तो असल्याच धनुष्यावर. आमच्या मैदानावरची तरणी पोरं रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेली, कार्बनच्या पात्यांची आधुनिक धनुष्यं घेऊन येतात. त्यांचं काम सोपं. दोरी चढवायची, ब्रेस हाइट, म्हणजे दोरी आणि मुठीतलं अंतर, मोजायची, कमी भरली तर दोरीला दोन पीळ जास्त द्यायचे, की झालं. बांबूला एवढ्याने भागत नाही. रात्रभर दोरी उतरवून ठेवल्यावर तो अंग सैल करून सरळ होतो आणि सकाळी त्याला वाकायचं नसतं. ही भावना मला चांगलीच कळते.

म्हणून आधी फक्त वीतभर ओढायचं आणि परत आणायचं. असं आठ-दहा वेळा. मग छातीपर्यंत. मग कुठे हनुवटीपर्यंत, तेही क्षणभर. धनुष्य वाकतं तेव्हा बाहेरच्या अंगाचे तंतू ताणले जातात आणि आतल्या अंगाचे चेपले जातात. दोघांनाही सवड हवी असते. पूर्ण ताणलेलं धनुष्य नऊ-दशांश मोडलेलंच असतं, अशी इंग्रज कारागिरांची एक जुनी म्हण आहे. आणि यात ओढलेली दोरी रिकामी सोडायची नाही, कधीच नाही. बाण असला की ताकद बाणाबरोबर जाते. नसला तर ती सगळी धनुष्याच्याच अंगात शिरते. ओढलेलं तसंच धरून, हळूहळू, परत आणायचं. ओढण्यापेक्षा हे परत आणणं अवघड, हे सुरुवातीला मला कोणी सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं.

याला सगळे वॉर्म-अप म्हणतात. गोव्यात हा शब्द जरा विनोदीच. ऑक्टोबरात सकाळी सातला सदरा पाठीला चिकटलेला असतो, इथे आणखी ऊब कसली द्यायची? पण आमचा शत्रू थंडी नसून ओल आहे, आणि ओलीशी कसं वागायचं हे आम्हाला चवथीमुळे, म्हणजे गणेशचतुर्थीमुळे, ठाऊक आहे. भर पावसाळ्यातली चवथ, आरतीची वेळ, आणि घुमटाचं, म्हणजे आरतीला वाजवायच्या मातीच्या वाद्याचं, कातडं मऊ पडलेलं. कोणीतरी ते विस्तवाजवळ धरतो, बोटाने टिचकी मारून बघतो, पुन्हा धरतो. बाकीचे झांजा घेऊन उभे. घुमट बोलायला लागल्याशिवाय आरतीला रंग नाही, म्हणून घाई कोणी करत नाही. कोरियातल्या जुन्या पद्धतीच्या धनुष्यांचं असंच आहे. म्हशीचं शिंग, बांबू आणि जनावराच्या स्नायूंचे धागे, हे सगळं माशाच्या फुग्यातून काढलेल्या सरसाने जोडलेलं. ओल लागली की ढिलं पडतं, म्हणून दोरी चढवण्याआधी खरोखर उबेत ठेवतात. मासळीवर पोसलेल्या आम्हा लोकांना हा सरस उगाच घरचा वाटतो.

दुसऱ्या वर्षी मी एक धनुष्य मोडलं. भाचा पुण्याहून आलेला, त्याला दाखवायची हौस. दोरी चढवली आणि थेट हनुवटीला. 'कट्' असा बारीक आवाज झाला, सुपारी फोडावी तसा. खालच्या बाजूला केसाएवढी रेघ उमटली, आणि मी बघत असताना ती लांबत गेली. भाचा म्हणाला, "मामा, असंच करायचं असतं का?"

आमचे सर माझ्या निम्म्या वयाचे. मी त्यांना सर म्हणतो, ते मला काका म्हणतात. त्यांनी रेघेवरून नख फिरवलं आणि एवढंच विचारलं, "काका, आधी किती वेळा ओढलं होतं?" मी गप्प. तेही गप्प. बोलले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून सीतास्वयंवराची गोष्ट मला वेगळी दिसते. जनकाच्या घरी कित्येक वर्षं पेटीत पडलेलं धनुष्य. रामाने ते उचललं, दोरी चढवली आणि सरळ ओढलं. मोडणार नाही तर काय? मग रागाने लाल होऊन येतो तो परशुराम. लहानपणी मला त्याचा राग अनाठायी वाटायचा. आता वाटतं, सगळ्या गोष्टीत एकटा तोच तिरंदाजासारखा वागला. आणि याच परशुरामाने पुढे बाण सोडून समुद्र मागे हटवला, बाण पडला ती बाणावली, असं आम्ही गोंयकार सांगतो. त्याने आधी धनुष्य वीतभर ओढून बघितलं असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

धनुष्याचं झालं की माणसाचं. खरं तर माणसाचं आधी करायला हवं. पण मी आळशी. रबराचा पट्टा दोन्ही हातांत धरून बाण ओढल्यासारखा ओढायचा, खांदे फिरवायचे, पाठीच्या वरच्या बाजूची दोन हाडं जवळ आणायची. आखडलेल्या अंगाने ओढ इंचभर कमी पडते, आणि इंचामागे साधारण दोन पौंडांचा जोर जातो. बाण मग लक्ष्याच्या अलीकडे माती उकरतो. २०२३ मध्ये ३७ वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाली तेव्हा तिरंदाजी बघायला गेलो होतो. रिकर्व्हवाले ७० मीटरवर मारतात. मधलं, दहा गुणांचं वर्तुळ १२.२ सेंटीमीटरचं, म्हणजे पोईहून जरा लहानच. पण मला आठवते ती एक मुलगी, बाजूला कुंपणाशी तोंड करून पट्टा ओढत होती. ओढायची, थांबायची, परत आणायची. लाउडस्पीकरवर काय चाललंय याचं तिला काही नव्हतं.

तयार असण्याला आपण 'सज्ज' म्हणतो. हा शब्द बहुधा 'सज्य' म्हणजे दोरी चढवलेलं, यावरून आला असं कोशात वाचलं आणि मी सरांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, "काका, दोरी चढली म्हणजे तयार नाही हो."

गेल्या रविवारी सगळं यथासांग केलं. पट्टा झाला, वीत झाली, छाती झाली, हनुवटी झाली. बांबू लोण्यासारखा वाकायला लागला, डावा खांदाही कुरकुर करेना. मेण चोळलेल्या दोरीवर पहिला बाण लावला. ३० मीटरवर लक्ष्य अगदी स्वच्छ दिसत होतं. ओढलं, बोट हनुवटीखाली टेकलं, आणि डोंगराच्या बाजूने परतीचा पाऊस खळखळ वाजत आला. बाणाची पिसं भिजली की चिकटून बसतात, मग बाण कुठे जाईल ते परशुरामालाही सांगता यायचं नाही.

परत आणलं. हळूहळू. दोरी उतरवली, धनुष्य सदऱ्याच्या टोकाने पुसलं आणि झाडाखाली उभा राहून एक पोई तशीच कोरडी खाल्ली.